बाटल्यांवरची नावं

मी मोठ्याने वाचते, हाच माझा पोटापाण्याचा धंदा. सव्वीस वर्षं झाली. आमच्या छापखान्यात अंधांसाठी पुस्तकं निघतात, जाड कागदावर उठावाच्या ठिपक्यांची. पुस्तक पक्कं छापण्याआधी कच्ची प्रत तपासावी लागते, आणि ते काम दोघींचं असतं. एकीने मूळ पुस्तक समोर धरून मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून. दुसरीने त्याच वेळी ठिपक्यांच्या पानावरून बोटं फिरवायची, आणि कानाला ऐकू आलेलं बोटाला लागलं नाही की थांबायचं. ही दुसरी म्हणजे आमची सुईताई.

हे नाव तिला छापखान्यानेच ठेवलं. पायातला काटा सुईने काढावा तशी ती चूक काढते, कोरून कोरून, आणि समोरच्याला थोडं दुखवून. ती जन्मापासून पाहू शकत नाही. वय एकसष्ट, म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मला ती गाडी म्हणते, कारण नवी होते तेव्हा मी सुसाट वाचत सुटायचे आणि तिला दर पानाला मला थांबवावं लागायचं. आता मी वेग आवरलाय, पण नाव काही सुटलं नाही.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यातून कुणी मला तब्येतीवर सल्ला द्यायला लागलं की माझं डोकंच फिरतं. त्यामुळे एका आरोग्य संस्थेचं साठीनंतरच्या तब्येतीवरचं पुस्तक आमच्या टेबलावर आलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. नऊ प्रकरणं होती. चालावं किती, झोपावं किती, पानात काय असावं, एका पायावर उभं राहून तोल कसा सांभाळावा, माणसांत का मिसळावं. आणि हे सगळं मला मोठ्याने, स्वल्पविरामासकट वाचायचं होतं. रोज सहा तास मी स्वतःच्याच तोंडाने स्वतःला उपदेश करत होते.

सुईताईला मात्र पुस्तक आवडलं. तिच्या घरी आधीपासूनच हे वारं होतं. ती भावाबरोबर राहते. भाऊ म्हणजे पोहण्याच्या तलावावरचा निवृत्त शिक्षक, ज्याला अजूनही वाटतं की जगातली सगळी माणसं बुडतायत आणि त्यानेच शिट्टी वाजवून त्यांना काठावर आणायचंय. तो ताईला रोज सकाळी हात न टेकता दहा वेळा खुर्चीतून उठायला लावायचा आणि मोजायचाही तोच. ती म्हणायची, उठायचे कष्ट नाहीत, त्याचे आकडे ऐकायचे आहेत.

एका रविवारी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. स्वयंपाकघरात भांडी धुवायच्या मोरीच्या वर एक फळी आहे, तिच्यावर गोळ्यांच्या तीन बाटल्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर हिरव्या पानाचं चित्र आणि काहीतरी निसर्गाचं नाव. त्यावर ताईने ठिपक्यांच्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. इतक्या वर्षांत ठिपके मला डोळ्यांनी वाचता यायला लागलेत. पहिल्या बाटलीवर होतं ‘भाऊ’, दुसरीवर ‘भाची’, तिसरीवर ‘शेजारीण’.

आत काय आहे ते का नाही लिहिलंस, असं मी विचारलं. तर तिचं म्हणणं असं, की आत काय आहे ते देणाऱ्याला माहीत असतं, तिला ठाऊक असून काय उपयोग. उलट भाचीचा दूरच्या शहरातून फोन आला आणि तिने घेतलीस का म्हणून विचारलं, की हात नेमका भाचीच्या बाटलीवर जायला हवा. भावाची गोळी अंगात जोम यावा म्हणून होती. भाचीची सगळं एकातच मिळावं म्हणून. शेजारणीची झोपेसाठी आणि पोटऱ्यांत गोळे येऊ नयेत म्हणून. ताईने एकालाही नाही म्हटलं नव्हतं. तिला प्रेमाने दिलेली वस्तू परत करता येत नाही. मला येते, पण मला फारसं कुणी देत नाही.

त्याच दिवशी ती म्हणाली की हल्ली बोटांना मुंग्या येतात, आणि चपला घातल्या की आत कापूस भरल्यासारखा वाटतो. मी दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात गेले, मज्जातंतूंसाठी चांगलं काय, असं विचारलं आणि एक बाटली घेऊन आले. उपदेशाचा एवढा तिटकारा असलेली मी, पण ताईच्या बोटांचं नाव निघालं आणि मीही तेच केलं जे सगळे करतात. तिने त्याच संध्याकाळी पट्टी चिकटवली, ‘गाडी’. चौथी बाटली ओळीत जाऊन उभी राहिली.

दोन महिन्यांनी तिच्या बोटाखालून पहिली चूक निसटली.

पहिली म्हणजे माझ्या लक्षात आलेली पहिली. मी ‘पाठीचा कणा’ वाचलं आणि खिडकीतून आलेल्या तिरप्या उन्हात मला दिसलं की पानावर एक ठिपका कमी आहे. तिचं बोट त्यावरून सरळ पुढे गेलं. सव्वीस वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं असेल कधी नव्हे ते. दुपारपर्यंत आणखी तीन गेल्या.

आता आमच्याकडचा एक नियम सांगायला हवा. तपासनिसाच्या हातून चुका सुटायला लागल्या की त्याला वाचनाच्या टेबलावरून उठवून बांधणीत पाठवायचं, पानं मोजायला, आणि परत बसायचं असेल तर परीक्षा द्यायची. हा नियम मॅनेजरने केलेला नाही. वीस वर्षांपूर्वी सुईताईनेच भांडून करून घेतला होता. डोळसांना चुकीचं छापलेलं पुस्तक मिळालं तर ते दुसरं आणतात, आमच्या वाचकांना दुसरं मिळत नाही, असं ती तेव्हा म्हणाली होती. आणि टेबल सुटलं तर तिचं काय उरणार हे मला माहीत होतं. पगार तर बांधणीतही मिळतो. पण ही बाई बोटांनी जगते. घरी जेवण झालं की ती पुस्तक मांडीवर घेऊन बसते, ते तिचं रोजचं सुख. ते जाताना मला बघवणार नव्हतं.

म्हणून मी लबाडी केली. पांढऱ्या कागदावरचे पांढरे ठिपके डोळ्यांनी वाचायचे तर उजेड आडवा पडावा लागतो. मी टेबलावरचा दिवा खाली ओढून तिरका केला. एका डोळ्याने मूळ पुस्तक, दुसऱ्याने तिचं पान. तिचं बोट चुकीवरून गेलं की मी खाकरायचे आणि म्हणायचे, थांब हं, मीच अडखळले, ओळ पुन्हा वाचते. मग तो शब्द दाबून, सावकाश वाचायचे. कधी तिला सापडायची, कधी नाही. चूक सापडली की ती तिथे मेणाचा बारीक कण चिकटवते, दुरुस्ती करणाऱ्याला कळावं म्हणून. ज्या सापडल्या नाहीत तिथे ती चहाला गेल्यावर मी मेण लावायचे. तीन महिने असं चाललं. माझी मान आखडली, डोळे चुरचुरायला लागले, आणि मला स्वतःचा अभिमानही वाटत होता, हे कबूल करायला हवं. मला वाटायचं की मी मैत्री निभावतेय.

असं करत आम्ही नवव्या प्रकरणाला आलो. ते गोळ्यांवर होतं. मी माझ्या नेहमीच्या सपाट आवाजात वाचत होते. वाचताना अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही हे आमच्या कामातलं पहिलं पथ्य, कारण अर्थ कळला की माणूस अंदाजाने वाचतो. त्यामुळे ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा मलाही ते कळलं नव्हतं.

वाक्य असं होतं. ब-सहा हे जीवनसत्त्व शरीराला दिवसाकाठी दोन मिलिग्रॅमसुद्धा लागत नाही, स्वल्पविराम, मात्र मोठ्या प्रमाणात अनेक महिने घेतल्यास हातापायांच्या बोटांना मुंग्या व बधिरता येऊ शकते, पूर्णविराम.

सुईताईचं बोट थांबलं. मला वाटलं चूक सापडली. मी तिरक्या उजेडात पाहिलं, तर ओळ स्वच्छ होती.

“पुन्हा वाच,” ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. पुढचं वाक्यही वाचलं. हे जीवनसत्त्व जोमाच्या, झोपेच्या, मज्जातंतूंच्या अशा वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकाच वेळी असू शकते, म्हणून सर्व बाटल्यांवरील घटक एकत्र मांडून पाहावेत. आता माझ्या कानांनाही ते ऐकू आलं. तिने प्रत मिटली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि म्हणाली की आपण आत्ता घरी जातोय.

दुपारचे बारा वाजले होते. आम्ही पहिली बस पकडली. घरी भाऊ सोफ्यावर पेपर वाचत होता. त्याला काय झालं ते सांगायच्या आधीच तिने चारही बाटल्या फळीवरून उतरवून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या आणि मला वाचायला सांगितलं. घटकांची अक्षरं मुंगीएवढी होती. भावाचं भिंग घेऊन मी एकेक बाटली फिरवत गेले. भाऊ, पन्नास मिलिग्रॅम. भाची, पंचवीस. शेजारीण, दहा. शेवटच्या, माझ्या बाटलीवरचा आकडा मी भिंगातून दोनदा पाहिला.

“शंभर,” मी म्हटलं.

एकशे पंच्याऐंशी. दोनच्या जागी. भावाने चष्मा काढून डोळे पुसले आणि बराच वेळ परत घातला नाही. चौघांपैकी एकानेही दुसऱ्याची बाटली वाचली नव्हती. वाचायचं कारणच नव्हतं, कारण फळीवर औषधं नव्हतीच, आम्ही चौघं होतो. भाऊ, भाची, शेजारीण आणि मी. माणसांची बेरीज कोण करतं? मला स्वतःचा इतका राग आला की मी ती बाटली तिथेच मोरीत रिकामी केली. ताई म्हणाली, बाकीच्या राहू दे, डॉक्टरांना दाखवायच्या आहेत.

मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाई वयाने तरुण आणि बोलायला शांत होत्या. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. मग चिमट्यासारखा दोन टोकांचा लोखंडी काटा टेबलावर आपटून त्याची थरथरती दांडी ताईच्या पायाच्या अंगठ्याला लावली आणि थरथर थांबली की सांगा म्हणाल्या. ताई लगेच म्हणाली, थांबली. काटा अजून गुणगुणत होता, मला दाराजवळून ऐकू येत होता. हाताच्या बोटांनाही तसंच. कुठल्या गोष्टीचं एवढं वाईट मला याआधी कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते असं. चारही गोळ्या आजपासून बंद. बहुतेकांना हळूहळू फरक पडतो. आधी काही आठवडे आणखी बिघडल्यासारखं वाटेल, घाबरू नका. मग महिने लागतील. किती परत येईल याची हमी देता येत नाही. दुसरं औषध काही नाही. भावाने विचारलं की मग आम्ही करायचं काय. त्या म्हणाल्या, चाला, झोपा, नीट जेवा, आणि वाट बघा.

बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. भाऊ रिक्षा बघायला गेला होता. तेव्हा ताईने मला विचारलं की गेल्या तीन महिन्यांत किती चुका सुटल्या. मी म्हटलं, फार नाही.

“दिवा कशाला खाली ओढला होतास?” तिने विचारलं.

मी चपलेचा पट्टा घट्ट करायला वाकले.

“माझ्या मनगटाला त्याची ऊब लागायची. मला कळत होतं. मी विचारलं नाही, ती माझी चूक. पण तू मला माझ्याच कामाची पाहुणी करून ठेवलंस, गाडी.” ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर मी भांडले तरी असते. “गोळ्यांचा मला राग नाही. त्या सगळ्यांनीच दिल्या. तू माझ्या खुर्चीत बसून माझ्या नावाने वाचलंस, त्याचा आहे.”

मला म्हणायचं होतं की मी तुझ्यासाठी केलं. तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं, कारण बाटली देणारे सगळेच ते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. मॅनेजर भला माणूस आहे. तो म्हणाला, एकाही वाचकाची तक्रार नाही, पुस्तक अजून छापलेलंही नाही, आपण प्रकरणं दुसऱ्या जोडीकडून वाचून घेऊ आणि हा विषय इथेच मिटवू. तिने ऐकलं नाही. स्वतःचा नियम स्वतःला लावून घेतला, वहीत नोंद करायला लावली आणि दुपारी आपली पाण्याची बाटली घेऊन बांधणीच्या खोलीत जाऊन बसली. माझं नाव तिने सांगितलं नव्हतं. ते मी नंतर जाऊन सांगितलं. मला ताकीद मिळाली, ती मी मुकाट्याने घेतली.

बांधणीची खोली आमच्या खोलीसमोरच आहे, मधे फक्त एक व्हरांडा. येता-जाता मला ती दिसायची. पानांचा गठ्ठा मांडीशी घेऊन, अंगठ्याने सरकवत मोजायची. पानांची जाडी तिला कळत होती, पानावरचं काही कळत नव्हतं. दुपारचा डबा ती बांधणीच्या बायकांबरोबर खायची. मी गेले की माझ्याशी नीट बोलायची, तब्येत विचारायची, आणि तेच मला सहन व्हायचं नाही. आमच्यात नीट बोलण्याची पद्धत कधीच नव्हती. मला नवा तपासनीस जोडीला मिळाला होता, तिशीचा, अतिशय सभ्य. चूक सापडली की तो आधी माफी मागायचा आणि मग चूक सांगायचा. एका पानाला दहा माफ्या. मी दात-ओठ खात वाचायचे.

खरी खबर मला भावाकडून कळायची. पहिले दीड महिने वाईट गेले. तिला ब्लाउजचं बटण लागेना, कप दोनदा हातातून सुटला. एकदा ती मोरीत नळ सोडून बराच वेळ उभी होती, भाऊ सांगत होता, आणि पाण्याच्या आवाजाखाली ती रडत होती. तो बाहेर उभा राहिला. शिट्टीवाल्या माणसाला काय करावं ते सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच त्याला उठवलं आणि म्हणाली, चल, चालायला. पुस्तकातली पहिली आठ प्रकरणं तिला तोंडपाठ होती. तिने ती एकामागून एक, अक्षरशः अमलात आणायला घेतली. रोज चाळीस मिनिटं भावाच्या दंडाला धरून बागेतून फेऱ्या. ठरल्या वेळी झोप. ताटात डाळी, कडधान्यं, हिरव्या भाज्या, फळं, आणि बाटलीतलं काही नाही. भाचीने नवी बाटली पाठवली तेव्हा ताईने ती परत पाठवली आणि सोबत निरोप दिला की त्याऐवजी दर रविवारी अर्धा तास फोन कर. भाची करते म्हणे. शेजारीण आता गोळ्या आणत नाही, संध्याकाळी चालायला येते.

मीही चालायला लागले. कुणी विचारलं तर सांगते की बस वेळेवर येत नाही म्हणून. दात घासताना एका पायावर उभी राहते, बेसिनला धरून. पुस्तकात धरू नये असं लिहिलंय, पण पुस्तकाला माझी फरशी माहीत नाही.

चौथ्या महिन्यात भाऊ म्हणाला की तिने लहान मुलांचं ठिपक्यांचं पहिलं पुस्तक मागवून घेतलंय, ज्यात अक्षरं मोठी आणि लांब लांब असतात. रोज जेवणानंतर ती ते घेऊन बसते. पहिल्या दिवशी एक पान, तेही अर्धं चुकीचं. एकसष्टाव्या वर्षी ती पुन्हा पहिलीत बसली होती. उजव्या हाताची पहिली दोन बोटं परत येत होती. डाव्या हाताची तर्जनी येत नव्हती. त्या बोटाने ती पूर्वी ओळीची सुरुवात शोधायची. आता त्याच हाताच्या मधल्या बोटाला तिने ते काम शिकवायला घेतलं होतं. मला हे सगळं ऐकून तिच्याकडे धावत जावंसं वाटायचं, पण मला कुणी बोलावलं नव्हतं. या वेळी तरी न विचारता काही घेऊन जायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

आठव्या महिन्यात एका सकाळी ती आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मागे मॅनेजर होता, हातात घडी केलेला कागद. तिने परीक्षा मागितली होती. कुठल्या मजकुरावर घ्यायची असं मॅनेजरने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, जिथे नापास झाले त्यावरच. मी ज्यांवर लबाडी केली होती ती प्रकरणं दुसऱ्या जोडीने मधल्या काळात वाचली होती, आणि माझ्या डोळ्यांतून सुटलेल्या पाच चुका त्यांना सापडल्या होत्या. बाकीच्या दुरुस्त करून नवी कच्ची प्रत निघाली होती, मेणाची एकही खूण नसलेली, पण या पाच चुका तिच्यात अजून तशाच होत्या. त्या पाच चुका मॅनेजरच्या कागदावर होत्या. त्या तिला सापडल्या तर खुर्ची तिची, नाहीतर बांधणी कायमची. या वयात दुसरी संधी ती मागणार नव्हती, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं.

वाचायला कोण बसणार, असं मॅनेजरने विचारलं. सभ्य तपासनीस ताईसाठी खुर्चीतून उठला आणि दुसऱ्या जोडीतली वाचणारी पुस्तक उचलायला पुढे झाली.

“गाडी वाचेल,” सुईताई म्हणाली.

मी दिव्याची मान वर ढकलली, थेट छताकडे. खुर्ची एवढी मागे ओढली की मला तिचं पान दिसूच नये. मी पहिलं वाक्य वाचलं आणि तिचे हात पानावरून चालू लागले. पूर्वीपेक्षा सावकाश. मधलं बोट ओळीच्या सुरुवातीला चाचपडत होतं. मी वेग कमी केला, तर ती म्हणाली की कीव करू नकोस. मी वेग पूर्वीसारखा केला.

पहिलं प्रकरण संपेपर्यंत तिने दोन चुका काढल्या. मॅनेजरने कागदावर दोन खुणा केल्या. मग झोपेचं प्रकरण सुरू झालं. दुसऱ्याच पानावर मी वाचलं की साठीनंतरही माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, पूर्णविराम. तिचं बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा त्या जागेवरून गेलं, आणि तिसऱ्यांदा, अगदी हलक्या हाताने.

“इथे चार आहे,” ती म्हणाली.

मॅनेजरने यादी पाहिली. उलटून मागची बाजू पाहिली. “ही माझ्याकडे नाही,” तो म्हणाला आणि उठून पानावर वाकला. मीही उठले. आम्ही दोघांनी दिवा खाली ओढून पाहिलं. ठिपक्यांत सात आणि चार यांत एकाच ठिपक्याचा फरक असतो. तो ठिपका उमटला नव्हता. दुसऱ्या जोडीच्या हातूनही तो सुटला होता, आणि माझे डोळे तर त्या आकड्यावरून किमान दोनदा गेले होते. मॅनेजरने खिशातून पेन्सिल काढली, यादीत सहावा आकडा घातला, पुढे पान आणि ओळ लिहिली. मग तो कागद टेबलावर ठेवून, परीक्षा झाली, पुढचं तुम्ही दोघी बघा म्हणत चहा घ्यायला निघून गेला.

“हे तू पाहिलं होतंस का?” तिने विचारलं.

“पाहिलं होतं.”

“मग?”

“मला सात दिसलं,” मी म्हटलं. “सात असणार हे माहीत होतं, म्हणून सात दिसलं.”

ती हसायला लागली. आठ महिन्यांत पहिल्यांदा, पोट धरून. म्हणाली, म्हणजे चार तास झोपायला लावून सगळ्या अंध म्हाताऱ्यांना लवकर वर पाठवणार होतीस, आणि शिवाय माझं टेबल वाचवल्याचं पुण्य. मला हसू आलं नाही. माझे डोळे भरून आले होते आणि पुढची ओळ दिसेना. तिचं बोट त्या आकड्यावरच होतं, आणि तिला तो लागत होता. एवढीच गोष्ट होती.

मग हात सरकवून तिने पुढची ओळ धरली.

“नंतर रड. अजून सहा प्रकरणं आहेत.”

मी नाक पुसलं आणि वाचायला घेतलं.